नकाराचीही पावती द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: राशन न मिळाल्यास त्याची लेखी पावती देण्याबाबत.

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, थंबचं मशीन आणि लाइट गेली की दोन तास तग धरणारं इन्व्हर्टर. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, केवायसी. माझी चूल मशीनवरच पेटते, तेव्हा हे पत्र मशीनच्या दुस्वासातून लिहिलेलं नाही, एवढं आधी सांगून टाकतो.

आमच्या गावापासून चार किलोमीटरवर कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथल्या एक आजी दिवाळीनंतर तीनदा कंट्रोलच्या दुकानात आल्या आणि तीनही वेळा रिकामी थैली घेऊन माझ्या बाकावर येऊन बसल्या. अंत्योदयचं कार्ड, घरात एकट्या, महिन्याला ३५ किलोचा हक्क. दुकानदारानं उजवा अंगठा लावून पाहिला, डावा लावला, मग एकेक बोट. हात धुवायला लावले, पदराला पुसायला लावले, खोबरेल तेल चोळून पाहिलं. काही केल्या जुळेना. "बापू," आजी मला म्हणाल्या, "थो पोरगा होता तवापासून मले ओयखते. मंग मशीनले काऊन इचारते?"

मला उत्तर देता आलं नाही.

बोटं का लागत नाहीत ते इथं कोणीही सांगेल. दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते. सुकलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात, दिवसभर बोटांच्या शेंड्यांना टोचत राहतात. त्यात वय, त्यात थंडी. ज्या महिन्यांत बाईच्या हाताला काम असतं, त्याच महिन्यांत तिचा हात सरकारला ओळखू येत नाही. वेचणीवरच्या बाया हे हसत सांगतात.

आता मूळ गोष्ट. धान्य मिळालं की दुकानातल्या अंगठ्याच्या, म्हणजे पॉस मशीनमधून पावती निघते. किती किलो, कोणत्या महिन्याचं, सगळं छापून. आमच्या दुकानात धान्य मिळालं नाही की कागदाचा कपटाही निघत नाही. आजी तीनदा आल्या, तीनदा परत गेल्या, याचा पुरावा त्यांच्याकडे काय? चार किलोमीटर चालून दुखणारे पाय. महिना सरला की त्या महिन्याचं धान्य बुडतं, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, बाईनं उचल केली नाही, गरज नसेल.

कायदा आजींच्या बाजूचा आहे, हेच तर दुखणं. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. कलम ८ म्हणतं, हक्काचं धान्य दिलं नाही तर राज्य सरकारनं भत्ता द्यावा. कलम १५ प्रमाणे जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं अनुदानासाठी आधार मान्य केला, पण पडताळणी फसली म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये, हेही त्याच निकालात आहे. त्याआधी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं होतं की अंगठा जुळला नाही तर कार्ड पाहून धान्य द्या आणि वहीत नोंद करा. ती वही आमच्या दुकानात मी तरी पाहिलेली नाही. तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, नाकारलं याला पुरावा काय?

गंमत अशी की पुरावा असतो. आधारच्या साइटवर गेल्या सहा महिन्यांचा पडताळणीचा इतिहास दिसतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी पडताळलं, आणि फसलं तर का. बोटांचे ठसे जुळले नाहीत तर तिथं ३०० हा आकडा येतो. म्हणजे आजींच्या तीन फेऱ्या सरकारदरबारी मिनिटासकट लिहिलेल्या आहेत. पण ते पान उघडायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी लागतो, आणि आजींकडे मोबाइल नाही.

दुकानदाराला मी दोष देत नाही. अंगठ्याशिवाय धान्य दिलं तर मशीनमधला साठा आणि गोदामातली पोती जुळत नाहीत, मग नोटीस त्यालाच. मशीन येण्याआधी खोट्या नावांवर पोतीच्या पोती बाहेर जायची, हेही विसरता येत नाही. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या माणसाला आज तिकडच्या दुकानात राशन उचलता येतं, ते याच यंत्रणेमुळे. ते मोडा असं मी म्हणत नाही.

आणि एक कबुली. माझ्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या गावाच्या आधारच्या झेरॉक्स पडून आहेत. मी मागितल्या, लोकांनी दिल्या, परत कोणी मागितल्या नाहीत. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी लाभांसाठी माणसाची वेगळी संमती न घेता माहिती वापरायची मुभा सरकारला आहे. म्हणजे आजींनी बोटं, डोळे, चेहरा, सगळं दिलं, आणि बदल्यात त्यांच्याबद्दल मशीन काय बोललं ते मात्र त्यांना कळायची सोय नाही. खासगीपणाच्या गोष्टी शहरातल्यांनी कराव्यात असं आमच्याकडे म्हणतात. मला वाटतं, त्या पोडातूनच सुरू व्हायला हव्यात.

महोदय, मागणं छोटं आहे. धान्य नाकारलं तर जागेवर कागद द्यायचा. तारीख, कार्डाचा बारा अंकी नंबर, कारण, दुकानदाराची सही. अंगठा फसला की कार्ड पाहून धान्य द्यायचं, हे तर केंद्रानंच सांगून ठेवलंय; दुकानदाराच्या साठ्यातून तेवढं वजा धरावं, एवढंच माझं त्यात म्हणणं. आधी निदान कागद सुरू करा. कागद असला की बाकीची कलमं आपोआप जागी होतील.

मी त्या पावतीचा नमुना टाइप करून ठेवला आहे. पानाला चार बसतात. तालुक्यातल्या प्रत्येक दुकानाला मी फुकट छापून देईन. कागद माझा, शाई माझी. मागच्या आठवड्यात एक आमच्या दुकानदारापुढे धरली. त्यानं दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, वरून आदेश आणा, मग सही करतो.

आपला,
एक सेवा केंद्र चालक
ता. केळापूर, जि. यवतमाळ