बग्गीच्या दिव्यांबाबत ठरावाचा फेरविचार व्हावा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
आपली गृहनिर्माण संस्था

विषय : सोसायटीच्या इलेक्ट्रिक बग्गीवर शोभेचे दिवे पुन्हा लावण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या सभेत बग्गीवरचे सगळे जादा दिवे काढून टाकण्याचा आणि पुढे कधीही न लावण्याचा ठराव झाला. ‘दिव्यांनी बॅटरी खाल्ली’ असं कारण इतिवृत्तात लिहिलं आहे. बॅटरी गेली हे खरं, पण ती चुकीच्या जोडणीने गेली. त्या जोडणीचा दोष दिव्यांच्या माथी मारून आपण एक उपयोगाची गोष्ट कायमची बंद केली आहे, म्हणून हे पत्र.

जुन्या बॅटऱ्या बदलून नेण्याच्या आदल्या दिवशी मी चार्जिंगच्या जागी गेले होते. रात्रभर चार्ज होऊन मग काही तास नुसत्या उभ्या असलेल्या त्या चार बॅटऱ्यांना एकेक करून मल्टिमीटर लावला. तिघींनी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवला. चौथीने ११.९. बारा व्होल्टच्या बॅटरीत हा फरक लहान नाही, कारण १२.६ म्हणजे जवळजवळ भरलेली आणि ११.९ म्हणजे बरीचशी रिकामी झालेली. दिव्यांच्या पट्टीच्या दोन्ही वायरी नेमक्या त्याच चौथ्या बॅटरीच्या टोकांना बांधलेल्या होत्या. मी आयुष्यभर विद्युत देखभालीचं काम केलं आहे, तेव्हा हे पाहिल्यावर मला आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

आपली बग्गी ४८ व्होल्टवर चालते आणि तिच्यात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत. शोभेची पट्टी १२ व्होल्टची असते. काम करणाऱ्याने सोपा मार्ग धरला आणि चारपैकी जी हाताशी होती तिच्यातून वीज घेतली. एका जोखडाला चार बैल आहेत असं समजा. दिवसभर चौघे सारखे ओढतात, पण संध्याकाळी त्यातल्या एकालाच वेगळं कामाला जुंपलं आणि रात्री वैरण मात्र चौघांना सारखीच टाकली, तर तो एक किती दिवस टिकेल? चार्जर चौघींचं एकूण व्होल्टेज पाहतो. तीन बॅटऱ्या भरल्या की एकूण आकडा वर चढतो, चार्जरला वाटतं काम झालं आणि चौथी अर्धपोटी राहते. अर्धवट भरलेल्या लेड ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसत जातात आणि तिची ताकद कायमची घटते. उरलेल्या तिघी रोज गरजेपेक्षा जास्त चार्ज होतात, म्हणून त्यांचं पाणी उडतं. डिस्टिल्ड वॉटर तीनच बॅटऱ्यांत वारंवार का घालावं लागतं, अशी तक्रार आपल्या देखभाल कर्मचाऱ्याने केली होती. तो बिचारा बरोबर सांगत होता.

शिवाय ती पट्टीही अवाढव्य होती. रंग बदलणारी ती दाट पट्टी मीटरला साधारण १४ वॅट घेते. खांब, छत आणि खालची कड मिळून ८ मीटर लावली होती. म्हणजे ११५ वॅटच्या आसपास, एका बॅटरीतून ९ ते १० अँपिअर. रोज चार तास चालू ठेवली की १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला चौथा हिस्सा नुसत्या रोषणाईत गेला.

आता मी काय सुचवते ते पाहा. मीटरला ४.८ वॅटची साधी एकरंगी पट्टी, एकूण ५ मीटर. झाले २४ वॅट. ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर लावून हा भार चारही बॅटऱ्यांवर सारखा टाकला तर ४८ व्होल्टच्या बाजूला अर्ध्या अँपिअरहून जरा जास्त प्रवाह लागतो. चढावर बग्गीची मोटार १०० अँपिअरच्याही वर ओढते. त्या हिशेबात हे दिवे कुठेच दिसणार नाहीत.

पण मी हे केवळ हौसेखातर मागत नाही. माझी आई रोज संध्याकाळी क्लब हाऊसमधून बग्गीने परत येते. दिवे होते तोवर तिला पायरीची कड दिसायची. दिवे काढल्यावर चौथ्याच दिवशी तिचा पाय पायरीवरून हुकला आणि नडगी सोलवटली. ती पडली नाही, कारण ड्रायव्हरने हात धरला. काळी पायरी, काळा रबरी मॅट आणि खाली काळा डांबरी रस्ता, अशा ठिकाणी कमी दिसणाऱ्या माणसाने पाय कुठे ठेवायचा? आणि बग्गीला आवाज नसतो. हेडलाइट समोरचं दाखवतात, पण बाजूने सायकलवर येणाऱ्या मुलाला ती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. खालच्या कडेचा उजेड जमिनीवर पडला की गाडी कुठवर आहे हे सगळ्या बाजूंनी कळतं.

म्हणून पट्टी दोन्ही पायऱ्यांच्या ओठाखाली आणि पायदानाच्या कडेला लावावी, तोंड जमिनीकडे करून. पुढच्या खांबांवर मुळीच नको. मागच्या वेळी तिथल्या उजेडाचं प्रतिबिंब काचेत पडायचं आणि ड्रायव्हरला रस्ता नीट दिसत नसे. रंग २७०० ते ३००० केल्व्हिनचा, पिवळसर पांढरा, कारण तो डोळ्यांवर येत नाही आणि निळसर उजेडापेक्षा किडेही कमी ओढतो. मुलांना पळणारे रंगीत दिवे हवे आहेत हे मला माहीत आहे आणि त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटतं. पण लाल रंग गाडीच्या मागच्या बाजूचा, लाल-निळी उघडझाप तातडीच्या वाहनांची, आणि वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही जणांना फिट येऊ शकते. आपल्याकडे कोणाला तसा त्रास आहे हे आपण दारोदार विचारत फिरणार नाही. स्थिर उजेडच बरा.

जोडणीबाबत मात्र मी हट्टी आहे. कन्व्हर्टर चारही बॅटऱ्यांच्या मिळून दोन टोकांवरच लागला पाहिजे. ४८ हा आकडा नावापुरता आहे. चार्जिंगच्या शेवटी एकूण व्होल्टेज ५८ च्या वर जातं, तेव्हा ७२ व्होल्टपर्यंत सोसणारा कन्व्हर्टर घ्यावा. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, आणि मोटारगाडीत लावतात तो पात्याचा साधा फ्यूज चालणार नाही, कारण तो बहुधा ३२ व्होल्टपर्यंतचाच असतो. मोटारगाड्यांची कामं करणारा कारागीर सवयीने ऋण वायर सांगाड्याला जोडून मोकळा होतो. बग्गीत तसं करू द्यायचं नाही, दोन्ही वायरी शेवटपर्यंत न्यायच्या. कन्व्हर्टरला वीज किल्लीवरच्या रिलेतून, म्हणजे किल्लीने चालणाऱ्या विद्युत स्विचातून मिळावी, म्हणजे किल्ली काढली की तोही बंद. स्विच आणि रिले सीटखाली बॅटऱ्यांजवळ बसवू नयेत. चार्ज होताना तिथे हायड्रोजन वायू साठतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. पत्र्यातून वायर जाईल तिथे रबरी बुश घालावा.

पट्टी आयपी ६७ दर्जाची घ्यावी, म्हणजे धूळ आणि साचलेलं पाणी आत जात नाही. तरी गाडी धुताना प्रेशर पंपाचा फवारा थेट तिच्यावर मारू नये. बग्गीच्या प्लास्टिकवर नुसता चिकट टेप काही महिन्यांत सुटतो, म्हणून ॲल्युमिनियमचा चॅनेल स्क्रूने बसवावा. त्यावरच्या दुधी झाकणाने उजेडही मऊ होतो.

नव्या बॅटऱ्या आणि मोटारीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर वॉरंटीत आहेत. कोणताही स्क्रू फिरवण्याआधी बग्गीच्या उत्पादकाकडून लेखी परवानगी घ्यावी. त्यांनी नकार दिला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पत्राचा मसुदा आणि जोडणीची आकृती मी तयार केली आहे, ती सोबत जोडते. काम होईल त्या दिवशी मी स्वतः उभी राहीन, आणि पुढे सहा महिने दर पंधरा दिवसांनी चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजून आकडे नोटीस बोर्डवर लावीन. चौघींत फरक पडलेला दिसला तर दिवे त्याच दिवशी काढावेत.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा ही विनंती. सभेआधी एका संध्याकाळी अंधार पडल्यावर समितीच्या सदस्यांनी बग्गीत एकदा चढून-उतरून पाहावं. सोयीचा दिवस कळवलात तर मी ड्रायव्हरला थांबायला सांगते.

आपली नम्र,
ब इमारत, दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद

सोबत : १) उत्पादकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा २) जोडणीची आकृती