शून्यं वाचवायची तर

पुणे, रविवार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, मालाची यादीही उघडून पाहिली. आधी एक सांगतो, सागरवर रागावू नकोस. बेदाण्याचा कोड ००४५ त्याने ००४५ असाच टाइप केला असणार. एंटर दाबताच एक्सेलने त्याचा ४५ केला. सेलमध्ये नुसते अंक दिसले की ते त्यांना संख्या समजतं आणि संख्येच्या डावीकडची शून्यं काढून टाकतं. मोठमोठे शास्त्रज्ञही या सवयीपुढे थकले आहेत. 'मार्च१' नावाच्या जनुकाची एक्सेल तारीख करायचं, म्हणून २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली. मग दुकानात दिवसभर माल मोजून संध्याकाळी फाइल भरणाऱ्या पोराला कशाला बोलायचं?

कोडची आपण कधी बेरीज करत नाही. ते मालाचं नाव आहे, आणि नावातलं काहीही गळून चालत नाही. तुझ्याकडे तर जुने कोड तीन अंकी आणि नवे चार अंकी आहेत. ०४५ म्हणजे हळद, ००४५ म्हणजे बेदाणा. आता दोघेही ४५. यादीत शेजारी मालाचं नाव आहे म्हणून तिथे निभावलं. पण ऑर्डरच्या शीटमध्ये नुसते कोड आहेत, तिथला ४५ कुठला हे फाइलवरून आता कोणीही सांगू शकणार नाही. सगळे कोड चार अंकी असते तर टेक्स्ट फॉर्म्युल्याने शून्यं परत भरता आली असती. इथे तो फॉर्म्युला हळदीचाही बेदाणा करेल.

एचएसएनचंही, म्हणजे जीएसटीसाठी लागणाऱ्या मालाच्या कोडचंही, तेच. हळद ०९१०, धणे-जिरे ०९०९, बेदाणा ०८०६, कडधान्यं ०७१३. तुझ्या धंद्यातला बहुतेक माल शून्यानेच सुरू होतो, त्यामुळे हा प्रश्न तुला रोज भेटणार.

आता सागरला हे नीट दाखव. कोड टाकण्याआधी तो अख्खा कॉलम निवडायचा आणि 'होम'मधल्या फॉरमॅटच्या यादीतून 'टेक्स्ट' करायचा. आधी टेक्स्ट, मग टायपिंग. ४५ होऊन गेल्यावर टेक्स्ट केलं तर शून्यं परत येत नाहीत. एखादाच कोड असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह दिलं तरी पुरतं. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल, त्याला घाबरायचं नाही. तिथलं 'कन्व्हर्ट टू नंबर' मात्र चुकूनही दाबू नका.

कोणी तुला कस्टम फॉरमॅटमध्ये चार शून्यं घालायला सांगेल. दिसायला ००४५ दिसतं, आत ४५च असतो. मग व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतला कोड दुसरीत शोधणारा फॉर्म्युला, लावलास की टेक्स्टमधला कोड त्याच्याशी जुळत नाही आणि तू तासभर चूक शोधत बसतोस. माझं ऐक, त्या वाटेला जाऊ नकोस.

सगळ्यात जास्त शून्यं जातात ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल डबल क्लिक करून उघडताना. नोटपॅडमध्ये बघ, मूळ फाइलमध्ये ती शाबूत असतात. म्हणून रिकामं शीट उघड, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घे, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाब आणि कोडच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट कर. तिथे एक प्रश्न विचारला जाईल, त्याला 'रिप्लेस करंट' हेच उत्तर द्यायचं. नवी पायरी जोडलीस तर शून्यं आधीच्याच पायरीत गेलेली असतात. ८९० ने सुरू होणारे तेरा अंकी बारकोडही असेच टेक्स्ट करून घे, नाहीतर ते ई-प्लस-बारा असे दिसतात. तशीच सीएसव्ही सेव्ह झाली तर शेवटचे अंक कायमचे जातात.

तुझं एक्सेल नवं ३६५ असेल तर 'ऑप्शन्स'मधल्या 'डेटा'त डावीकडची शून्यं काढण्याची सवय बंदही करता येते. ते करच. पण फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की तिथे त्याची सेटिंग चालते, म्हणून कॉलम टेक्स्ट करणं सोडू नकोस.

ऑर्डरच्या शीटसाठी मला काकांच्या हातची जुनी आवक-जावक वही लागेल. पानांचे फोटो पाठव, मी कोड लावून देतो. तोवर त्या शीटवरून माल भरू नका. आणि तीन अंकी कोड चार अंकी करायचे ठरवलेस तर डावीकडे शून्य लावून भागणार नाही, ०४५ चा ००४५ होऊन बेदाण्यावर जाईल. हळदीला नवीनच कोड दे.

काकांना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
श्रीकांत