लाईट बिल आता मी भरणार

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न.

त्या मंगळवारी बाबांचा फोन दोनदा आला आणि मीटिंग होती म्हणून मी दोन्ही वेळा कट केला. उचलला असता तर एका वाक्यात काम झालं असतं. पुढचं सगळं आठ दिवसांनी आईकडून कळलं. बाबा, त्या लाईट बिलाच्या खोट्या मेसेजपायी साडेअठरा हजार गेले त्याचं जाऊ द्या. तुम्ही आठ दिवस जेवताना गप्प होतात, ते मला लागलं.

'थकबाकीमुळे आज रात्री 9.30 वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा.' घरात आईचा नेब्युलायझर असताना कोण घाबरणार नाही? आणि ज्यानं आयुष्यात एक बिल उशिरा भरलं नाही, त्यालाच 'थकबाकी' हा शब्द झोंबतो. चोरांना हे पक्कं ठाऊक असतं.

पण महावितरणचा मेसेज दहा आकडी मोबाईलवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावात 'एमएसईडीसीएल' हे महावितरणचं इंग्रजी लघुनाव असतं. खरी थकबाकी असली तरी वीज कायदा 2003, कलम 56 प्रमाणे आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एका रात्रीत कुणी वायर कापत नाही.

आता रागावू नका. तुमचा ग्राहक क्रमांक मी माझ्या फोनमध्ये घेतलाय, या महिन्याचं बिल भरूनही झालं. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही हो! माझं भरतेच, त्यात आणखी एक. शिवाय यापुढे बिलाचा मेसेज आला तर तो तुमच्यासाठी नाहीच, सरळ पुसायचा.

लाईट गेली की गच्चीवर जुन्या बिलाच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालत पाढे म्हणून घ्यायचात, आठवतं? एकोणतीसचा अजून अडखळतो.

बरं, ऐका. कुणी लिंक पाठवली, अॅप टाकायला सांगितलं, ओटीपी विचारला, की फोन ठेवायचा. 'साहेब, एक मिनिट' वगैरे म्हणत बसायचं नाही. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, तो फक्त जायला लागतो. तरी चुकलंच, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, मग मला. लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. आई, तो नंबर कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ठळक लिही. आणि बाबांना बोलू नकोस, मी बोललेय तेवढं पुरे.

बाबा, पावती छापून पोस्टानं पाठवतेय. पावत्यांच्या तारेत तुम्हीच खोचा.

तुमची,
छोटी

ता. क. मीटिंग असली तरी फोन करा. उचलेन.