बिघडलेली सेटिंग फाइल आणि आपला दीड तास

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी हे माझे रोजचे काम आहे. ते ज्या संगणकावर चालते, त्यावरील लिनक्स प्रणालीचा एक्सएफसीई डेस्कटॉप (पडद्यावरील बटणे, पट्ट्या आणि खिडक्या यांची मांडणी करणारा भाग) मी वर्षानुवर्षे हाताच्या सवयीप्रमाणे लावून घेतला होता. परवा काम चालू असताना वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा पॅनेल, म्हणजे बटणांची पट्टी, कोऱ्या संगणकासारखे दिसत होते, रोजच्या प्रोग्रामची बटणे नाहीशी झाली होती आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लागत नव्हता. पुस्तकाची मुद्रिते दोन दिवसांत द्यायची होती. पूर्वओळख नसतानाही आपण फोनवर दीड तास दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

आपले पहिलेच वाक्य होते, "काहीही पुसू नका, फक्त फाइलचे नाव बदला." बिघडलेल्या सेटिंग फाइलच्या जागी तिची जुनी प्रत मी दोनदा ठेवली होती आणि दोन्ही वेळा ती पुसली गेली होती. सेटिंग सांभाळणारा एक्सएफकॉन्फ हा प्रोग्राम सगळे स्मृतीत धरून ठेवतो आणि आपल्याजवळचे तेच पुन्हा फाइलवर लिहितो, हे कारण आपण सांगितलेत तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणून आपण मला लॉगआउट करायला लावून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून फक्त अक्षरी आज्ञा घेणाऱ्या काळ्या पडद्यावर नेलेत आणि तो प्रोग्राम खरोखर थांबल्याची खात्री करून घेतल्यावरच फाइलींना हात लावू दिलात.

कीबोर्डची एक्सएमएल फाइल (टॅग नावाच्या खुणांमध्ये सेटिंग लिहून ठेवणारी साधी अक्षरी फाइल) शेवटच्या ओळीत 'व्हॅल्यू' या शब्दापाशीच तुटली होती. तुटलेली ओळ पुरी करून पुढे प्रॉपर्टी आणि चॅनेल यांचे बंद करणारे टॅग कसे लिहायचे, हे आपण एकेक चिन्ह उच्चारून सांगितलेत आणि मी लिहिलेले प्रत्येक वेळी परत वाचून घेतलेत. पॅनेलची फाइल मात्र शून्य बाइटची, म्हणजे पूर्ण रिकामी होती, आणि तिथे मी आशा सोडली होती. परंतु बटणांची माहिती वेगळ्या 'लाँचर' फोल्डरांमध्ये असते, त्या फोल्डरांच्या नावांतील क्रमांकांवरून आणि आतील फाइलींवरून पॅनेलची मांडणी पुन्हा लिहिता येते, हे आपल्याला ठाऊक होते. माझ्या जुन्या प्रतीत नंतर जोडलेली बटणे नव्हती. त्यांची नोंद आपण याच पद्धतीने माझ्याकडून करवून घेतलीत. इतक्या चिकाटीने आणि आवाज जराही न चढवता शिकवणारी माणसे मला फार भेटलेली नाहीत.

पुन्हा लॉगिन केल्यावर बटणे पूर्वीच्याच क्रमाने उभी राहिली आणि पहिल्याच दाबाला 'क' उमटला. मुद्रिते वेळेवर गेली. आपण सांगितल्याप्रमाणे लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमधील एक्सएफसीईचे संपूर्ण फोल्डर मी आता दर रविवारी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो.

आपला ऋणी,
एक अक्षरजुळणीकार