टोटलचं फील्ड काढून टाकायला लावलंत, आभार!

आदरणीय ताई,

बिलिंगच्या कोडचा रिव्ह्यू करून तुम्ही जे सुचवलंत, त्याबद्दल सगळ्या टीमतर्फे मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण टोटल वेगळ्या फील्डमध्ये (आकडा साठवायच्या जागेत) ठेवली की ती जुनीच राहते, हा घोळ जावा या प्रोग्रामिंग भाषेत घरोघरी आहे.

दर २५०, नग ४, टोटल १०००. नग ६ केले तरी टोटल १०००च! जावात कोडमधली गुणाकाराची ओळ एकदा चालते आणि संपते. एक्सेलच्या सेलसारखं सूत्र मागे राहत नाही. तुमचा उपाय सगळ्यात सोपा: टोटलचं फील्डच काढून टाका, गेटटोटल() या मेथडमध्ये (हाक मारली की चालणाऱ्या कोडमध्ये) दर वेळी गुणाकार करा. जे साठवलंच नाही ते शिळं कुठून होणार? ६ नगांचे १५०० आणि १८ टक्के जीएसटी धरून १७७० आपोआप बरोबर येतात.

हजारो ओळींच्या बिलाची बेरीज सारखी लागत असेल, तरच कॅशे (काढलेली बेरीज साठवून ठेवणं) आणि सोबत 'डर्टी' फ्लॅग, म्हणजे साठवलेला आकडा शिळा झाल्याची खूण. इथली खरी गोम तुम्ही दाखवलीत. बिलाच्या ओळींची लिस्ट गेटरमधून (माहिती वाचायला देणाऱ्या मेथडमधून) जशीच्या तशी बाहेर दिली, की कुणीही परस्पर ओळ घालतं आणि फ्लॅगला पत्ताच नसतो. म्हणून बाहेर द्यायची ती अनमॉडिफायेबल, म्हणजे बाहेरून बदलता न येणारी लिस्ट. तेवढ्यानंही भागत नाही; आतल्या ओळीचे नग सेटरने (किंमत बदलणाऱ्या मेथडने) बदलता येतातच. म्हणून ओळीसाठी 'रेकॉर्ड' हा एकदा बनवला की न बदलणारा प्रकार वापरायचा (जावा १६ पासून पक्की सोय आहे) आणि बदल हवा तर बिलाच्याच मेथडमधून जुनी काढून नवी ठेवायची, फ्लॅग तिथेच लावायचा.

लिसनरबद्दलची (बदल झाला की ज्याला कळवलं जातं त्या कोडबद्दलची) टीप तर लाखमोलाची. लिसनरला कळवण्याचं काम करणाऱ्या प्रॉपर्टीचेंजसपोर्ट या जावाच्या क्लासला जुनी आणि नवी किंमत (व्हॅल्यू) सारखी दिसली तर तो इव्हेंट, म्हणजे बदलाची सूचना, पाठवतच नाही. त्याच लिस्टमध्ये भर घालून तीच दोन्हीकडे दिली, तर स्क्रीन ढिम्म हलत नाही, एररही येत नाही. सेटरमधला क्रमही तुम्हीच लावून दिलात: जुनी किंमत बाजूला धरा, नवी ठेवा, मग कळवा. आधी कळवलं तर लिसनर जुनाच आकडा वाचतो.

जावाएफएक्समध्ये (जावात स्क्रीन बनवायच्या लायब्ररीत) सुट्या बाइंडिंगला, म्हणजे दुसऱ्या किमतींवरून आपोआप बदलणाऱ्या किमतीला, लिसनर लावून ते बाइंडिंग कुठे धरून ठेवलं नाही, तर गार्बेज कलेक्टर (न वापरलेली मेमरी मोकळी करणारी जावाची यंत्रणा) ते कधीही उचलतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे ती आता फील्डमध्ये ठेवली आहेत. जावा ९ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असं सांगितलेला) असलेला, बदल कळवण्यासाठीचा जुना ऑब्झर्वेबल क्लासही पुढच्या रिलीजमध्ये आमच्या कोडमधून जातोय.

आपली,
बिलिंग टीम