तीच विहीर

नागाव, ता. अलिबाग

चि. सईस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोटो पाठवून विचारलंस, "बाबा, ही आपलीच विहीर ना?" मी नुसता अंगठा पाठवला आणि फोन उपडा ठेवला. म्हणून हे पत्र.

हो, तीच. तुझ्या ऑफिसची मंडळी उतरली तो व्हिला म्हणजे आपली उत्तरेकडची वाडी. कठड्यावर दिवे लावलेत, पाण्यात रंगीत मासे सोडलेत आणि रहाटाचं चाक शोभेला भिंतीशी टेकवलंय. तुझे पणजोबा त्या रहाटाला रेडा जुंपायचे. पाटाचं पाणी पार शेवटच्या सुपारीच्या आळ्यापर्यंत पोचायचं.

ते 22 गुंठे मी 2011 साली विकले, विहिरीसकट. तुझी इंजिनिअरिंगची फी आणि आजीचं ऑपरेशन एकाच वर्षी आलं. तुला फक्त "थोडी जागा दिली" एवढंच सांगितलं होतं. ओझं वाटून घेऊ नकोस. तसाच प्रसंग आला तर पुन्हा विकेन. विहीर मात्र बाजूला काढायला हवी होती. तेवढी अक्कल तेव्हा सुचली नाही.

किनाऱ्यालगत पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. रहाट उपसायचा बेताने, रात्रीतून विहीर पुन्हा भरायची. आता चहूबाजूंनी बोअर, स्विमिंग पूल, हिरवळ. वरचं गोडं पाणी संपलं की खालचं खारं वर चढतं. आपल्या बोअरचं पाणी एप्रिलपासूनच मचूळ लागतं. आई चहाला शेजारून कळशी आणते.

विकलं तेव्हा भाव बरा वाटला होता. मुंबईहून यायचं तर वडखळचे खड्डे, नाहीतर मांडव्याची बोट, तीही पावसाळ्यात बंद. 2020 मध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट आली, भाऊच्या धक्क्यावर गाडी चढवली की तासाभरात मांडवा. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू उघडला. तेव्हापासून एजंट पडवीत येऊन बसतात, "काका, गुंठ्याचं काय ते बोला." आपल्याकडे वाडी माडांवर सांगायचे, अमक्याची दोनशे माडांची. आता माड कोणी मोजत नाही, बीच किती मिनिटांवर तेवढं विचारतात.

बंगलेवाले वाईट नाहीत गं. आळीतल्या चार पोरांना केअरटेकरचा पगार मिळतो, बायका घावणे-मोदकांच्या ऑर्डरी घेतात. पण मालक वर्षातून दहा दिवस येतात. पावसाळ्यात संध्याकाळी सगळे बंगले उजळतात, म्हटलं आले वाटतं कोणी. तर दिवे टायमरवर.

माझं आजोळ चरीचं, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या कुळांनी संप करून 1933 पासून 1939 पर्यंत खोतांची जमीन कसली नाही. शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे सहा वर्षं गाव उभा राहिला. आजोबा डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकायचे. पुढे कूळकायदा झाला आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं. तीच जमीन मामेभावाने गेल्या वर्षी दिली. मी त्याला काय बोलणार? मीही दिलीच होती.

आता मुद्द्याचं. दक्षिणेकडचे 18 गुंठे उरलेत. तू म्हणतेस, विकून पुण्यात फ्लॅट घ्या. पण आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सगळी विकून बसलो, तर उद्या तुला इथे वाडी घ्यायची म्हटलं तरी कायदा आडवा येईल. त्यापेक्षा मी हे तुझ्या नावे बक्षीसपत्र करून देतो. मग ठेव नाहीतर वीक, मी विचारणार नाही.

वकिलांना तुझ्या आधार आणि पॅनची झेरॉक्स हवी आहे. गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ, रजिस्ट्रेशनला तुझी सही लागेल. आणि येताना प्यायला पाणी घेऊन ये, तुला मचूळ चालत नाही.

तुझा,
बाबा