झाडे मोजा, पण तिसऱ्या वर्षी

संपादक महोदय,

वृक्षारोपणाच्या बातमीत किती रोपे लावली हा आकडा ठळक असतो. त्यांतली किती तीन वर्षांनी उभी आहेत, हेही वृत्तपत्रांनी विचारावे आणि छापावे, ही आमची विनंती. रस्त्याकडेचे रोप लावायला एक सकाळ पुरते. ते जगवायला दोन-तीन वर्षे नियमित पाणी लागते. म्हणून पाणी कोण घालणार आणि कुठून आणणार हे स्वयंसेवकांनी आधी ठरवावे. जितक्या रोपांना ते पुरेल तितकीच रोपे आणावीत.

सर्वाधिक नुकसान होते ते खोल लावण्यामुळे. खड्डा जितका खोल तितका चांगला, हा समज अजून पक्का आहे. भरलेली माती नंतर खचते, रोप खाली जाते आणि बुंधा गाडला जातो. मग साल ओली राहून कुजते, मुळांना हवा मिळत नाही. खड्ड्याची खोली मुळांच्या गोळ्याएवढीच ठेवावी, रुंदी मात्र दोन ते तीन पट. पहिली मुळे जिथून फुटतात तो खोडाचा फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. पिशवीतल्या रोपात तो बऱ्याचदा मातीखाली दबलेला असतो, बोटांनी माती सारून शोधावा. पिशवी पूर्ण काढावी, नुसती चिरून सोडू नये. गोळ्याभोवती वळसे घालणारी मुळे कापावीत किंवा बाहेर पसरावीत. तशीच राहिली तर पुढे तीच बुंध्याला आवळतात आणि वरून धडधाकट दिसणारे झाड वादळात कोसळते.

खणण्याआधी जमिनीखालच्या वीज, पाणी आणि गॅसच्या वाहिन्यांची खात्री करून घ्यावी. रस्त्याकडेची माती दाबून घट्ट झालेली असते, तिच्यात डबरही असते. खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेले दिसले, तर निचऱ्याची सोय होईपर्यंत तिथे रोप लावू नये.

माणसाच्या उंचीच्या रोपाला कोरड्या दिवसांत आठवड्याला साधारण ४० ते ६० लिटर पाणी द्यावे, दोन-तीन वेळांत आणि सावकाश. कडक उन्हात किंवा रेताड मातीत जास्त लागते. रोज तांब्याभर ओतल्याने फक्त वरचा थर भिजतो आणि मुळे वरच राहतात. माती बोटभर खोल उकरून पाहावी; आत ओल असेल तर थांबावे, कारण अतिपाण्यानेही पाने पिवळी पडून गळतात. आळ्यात ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण खोडापासून चार बोटे दूर.

आधाराच्या काठ्या दोन हव्यात, मुळांच्या गोळ्याबाहेर रोवलेल्या. रुंद पट्टीने खोड सैल बांधावे. वाऱ्याने थोडे हलल्यानेच खोड जाड होते. वर्षभरात काठ्या काढून टाकाव्यात. तार किंवा सुतळी राहून गेली तर ती सालीत रुतते आणि अन्नरसाचा मार्ग तुटतो. लोखंडी पिंजऱ्याचेही तेच. तो रोपाचे रक्षण करतो, पण वेळेवर काढला नाही तर झाडाचा गळफास होतो. फरशी आणि काँक्रीट खोडापासून चोहोबाजूंनी निदान अर्धा मीटर दूर हवे. जास्त मिळाल्यास उत्तमच.

छाटणी परवानगीशिवाय करू नये. फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून, त्याच्या अगदी बाहेर काप घ्यावा. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे चिरून दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड तिला आतून वेढून बंद करते. फुगवटाच कापला तर कूज खोडात उतरते. कापावर रंग फासल्याने ती थांबत नाही.

प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. एका स्वयंसेवकाकडे पाच-सहा झाडे आणि तो नसेल तेव्हा कोण, हेही वहीत लिहून ठेवावे. परीक्षा, सण, सुट्ट्या याच काळात पाणी चुकते. रोप मेले तर लगेच दुसरे लावू नये. आधी ते उपटून मुळे पाहावीत: काळी आणि मऊ असतील तर पाणी साचले होते, कोरडी आणि ठिसूळ असतील तर पाणी पोहोचलेच नव्हते. कारण वहीत नोंदवून, ते दूर करून मगच त्या खड्ड्यात नवे रोप लावावे.

आपले,
रस्त्याकडेच्या झाडांची निगा राखणारे स्वयंसेवक